छत्री धरणारा

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या रात्री डॉर्ममध्ये एकच प्रश्न फिरतो : सुट्टीत काय केलेस? या वर्षी कोणी राजगड चढून आला होता, कोणी पोहायला शिकला होता, एकाने तर रोज दहा किलोमीटर धावल्याचे सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी पाच आठवडे छत्री धरली." सगळे हसले. झाशीत मे महिन्यात छत्री कशाला, असे एकाने विचारलेही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते एका व्हिडिओ गेमपासून सुरू होते, म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती की त्यांनी लगेच पान उलटू नये.

आमचे घर झाशीत लक्ष्मी गेटच्या आत आहे. झाशी शहराच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते, त्यांतला हा एक. बाहेर पडले की लक्ष्मी ताल, महालक्ष्मीचे मंदिर आणि राजे गंगाधररावांची छत्री. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. आम्ही घरात मराठी बोलतो आणि बाजारात हिंदी, त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते. ती मराठीच्या बाईंनी सुधारून घेतली आहे.

मे महिन्यात तिथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. सकाळी दहानंतर आजी कोणाला उंबरा ओलांडू देत नाही. या वर्षी आत्या टोकियोहून आली होती. तिच्याबरोबर तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आणि दादाबरोबर त्याचा निन्टेन्डो स्विच. त्यात स्प्लाटून 3 नावाचा खेळ होता. आजीने नियम घालून दिला : दुपारी दीड तास, आणि मध्ये वीज गेली तर त्या दिवसाचा खेळ संपला. झाशीत हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा जास्त वेळा लागू होतो.

खेळ थोडक्यात सांगतो. स्प्लाटून 3 सप्टेंबर 2022 मध्ये आला. चार विरुद्ध चार असा सामना असतो. बंदुकीतून गोळी नाही, रंगीत शाई उडते. नेहमीच्या सामन्याला तीन मिनिटे मिळतात आणि शेवटी ज्या संघाच्या रंगाची जमीन जास्त तो जिंकतो. आपल्या रंगात आपण पोहत जोरात जाऊ शकतो, शत्रूच्या रंगात पाय अडकतात. शाईचा मारा जास्त झाला की खेळाडू बाद होतो आणि काही सेकंदांनी आपल्या तळावरून परत येतो. रक्त नाही, प्रेते नाहीत. शस्त्रेही गमतीची आहेत : रंगाचा रोलर, ब्रश, बादली. आणि छत्री.

छत्री या मालिकेत 2017 च्या स्प्लाटून 2 मध्ये आली. ती मिटलेली असताना बंदूक असते आणि उघडली की ढाल. तिचे प्रकार आहेत. साधी छत्री उघडून धरून ठेवली तर तिचा कापडी भाग सुटून एकटाच पुढे सरकत जातो. एक प्रकार मोठ्या तंबूसारखा आहे. तो जड आणि संथ असतो. मी निवडली ती अंडरकव्हर ब्रेला. तिचा कापडी भाग सुटून जात नाही, हातातच राहतो, आणि ती उघडी ठेवून मागून शाई उडवता येते. ढाल आणि शस्त्र एकाच वेळी हातात! मला वाटले, यापेक्षा भारी काय असणार? आजीने विचारले, "कोणती छत्री घेतलीस रे, गंगाधररावांची?" मी म्हणालो, "त्याहून मजबूत."

पहिले आठ दिवस मी जवळजवळ प्रत्येक सामन्यात सर्वांत जास्त वेळा बाद झालो. छत्री उघडायची आणि सरळ शत्रूवर चाल करायची, अशी माझी युद्धनीती होती. पण या छत्रीचा मारा कमजोर आहे. एका फटक्यात समोरचा बाद होत नाही, लागोपाठ मारावे लागते. छत्री उघडी असताना चालही मंदावते. शिवाय कापड काही अमर नसते. ठरावीक मारा बसला की ते फाटते, आणि मग काही सेकंद आपल्या हातात नुसती काठी उरते. बाँब तर डोक्यावरून मागेच येऊन पडतो. मी एकटा पुढे जायचो, समोरचे दोघे मिळून माझी छत्री फाडायचे आणि मी तळावर परत.

मग मी उलट टोकाला गेलो. छत्री उघडून एका कोपऱ्यात बसू लागलो. बाद होण्याचे प्रमाण कमी झाले, मला बरे वाटले. पण संघ तरीही हरत होता. दादाने एकदा मागे उभे राहून माझा अख्खा सामना पाहिला आणि म्हणाला, "तू छत्री स्वतःसाठी धरतोयस. तुझ्या शेजारचा बघ, तो तीनदा तुझ्यासमोर बाद झाला."

हे ऐकून राग आला, कारण ते खरे होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत मी जे शिकलो ते तीन गोष्टींत मावते. पहिली, छत्रीची जागा शत्रूसमोर नसून शत्रू आणि आपला साथी यांच्या मध्ये असते. शत्रूची शाई छत्रीला थडकते, पण आपल्या साथीदाराची शाई तिच्यातून आरपार जाते. म्हणजे माझ्यामागे चांगला नेमबाज असेल तर तो सुखाने नेम धरू शकतो. दुसरी, छत्री केव्हा मिटायची हे कळणे, ती केव्हा उघडायची हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. फाटायच्या आधी मागे सरायचे, कापड पूर्ववत होऊ द्यायचे, मग पुन्हा पुढे. तिसरी, डोळे शत्रूवर कमी आणि आपल्या तिघांवर जास्त ठेवायचे. कोण पुढे चालला आहे, कोण परत येतो आहे, कोणाला आता दोन सेकंदांची आड हवी आहे. हे तिसरे सर्वांत कठीण आहे. बोटांना सवय लवकर लागते, डोळ्यांना लागत नाही.

या खेळातली एक गोष्ट मला फार आवडली. सामना संपल्यावर जो तक्ता येतो त्यात किती जणांना बाद केले या आकड्याशेजारी किती वेळा मदत केली याचाही आकडा असतो. आणि पदके मिळतात ती फक्त सर्वांत जास्त बाद करणाऱ्याला नाहीत. सर्वांत जास्त मदत करणाऱ्याला आहे. सर्वांत जास्त मारा झेलणाऱ्याला सुद्धा आहे! ते पदक मला पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी ओरडलो. आजीला वाटले वीज गेली.

इथपर्यंतचा भाग फक्त खेळाचा होता. मी हा लेख लिहायला बसलो तो पुढच्या भागासाठी.

मेच्या शेवटी बाबा दहा दिवसांच्या सुट्टीवर आले. बाबा सैन्यात आहेत. एका दुपारी ते कूलरसमोर बसून माझा खेळ पाहू लागले. त्यांना बराच वेळ काही कळले नाही, मग हळूहळू कळू लागले. त्यांनी विचारले, "तो छत्रीवाला तू ना? आणि मागून मारतोय तो?"

"तो आमचाच. कोण आहे ते माहीत नाही. जपानमधला असेल."

"हं. ही छत्री फाटली की शिवतो कोण?"

मी म्हणालो, "शिवायला नाही लागत, बाबा. आपोआप होते."

बाबा हसले. म्हणाले, "मग तुमच्या फौजेत आमचं काही काम नाही."

ते सहज बोलले आणि उठून पाणी प्यायला गेले. मला मात्र पुढे खेळता आले नाही. त्या वाक्याने का टोचले, ते सांगण्यासाठी मला एक जुनी गोष्ट कबूल करावी लागेल.

मी सातवीत शाळेत आलो तेव्हा पहिल्या दिवशी आम्हाला उभे राहून ओळख करून द्यायला सांगितले होते. माझ्याआधी एकाने वडील पायदळात आहेत असे सांगितले, एकाने तोफखान्यात. मी म्हणालो, "माझे बाबा टँकवर आहेत." ते पूर्ण खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. माझे बाबा ईएमईमध्ये आहेत. ते टँक चालवत नाहीत, दुरुस्त करतात. त्यांच्या उजव्या मनगटावर वेल्डिंगने भाजल्याचा डाग आहे. वर्गात मला तो डाग लढाईतला वाटावा असे बोलता आले, आणि मी तसे बोललो. तीन वर्षे मी ते दुरुस्त केले नाही.

त्या रात्री गच्चीवर मी बाबांना विचारले, "तुम्हाला कधी वाटतं का, की आपण लढणाऱ्यांत असायला हवं होतं?" मला वाटले होते ते काही मोठे बोलतील. ते म्हणाले, "इंजिन सुरू झालं नाही तर टँक म्हणजे चाळीस टनांचा दगड. आत बसलेल्या तिघांना ते माहीत असतं. मला तेवढं पुरतं." मग त्यांनी मला झोपायला सांगितले. सातवीतली गोष्ट मी तेव्हाही सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांबरोबर लक्ष्मी गेटपर्यंत चालत गेलो. लहानपणापासून मी त्या दरवाजातून शेकडो वेळा गेलो आहे. या वेळी भिंतीकडे पाहिले. 1858 च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. विष्णुभट गोडसे नावाचे आपल्याकडचे वरसईचे भटजी तेव्हा योगायोगाने शहरात अडकले होते. त्यांनी पाहिलेले सर्व पुढे 'माझा प्रवास' या पुस्तकात आले, ते 1907 मध्ये छापले गेले. राणीसाहेबांचे शौर्य आपण सगळे जाणतो. तोफा चालवणाऱ्या गुलाम गौस खानांचे नावही झाशीत पोराटोरांना माहीत आहे. पण दिवसभर तोफांनी तट ढासळायचा आणि रात्री गवंडी वर चढून तो पुन्हा उभा करायचे. बायका दारूगोळा वाहायच्या. हे त्यांच्या शत्रूनेही लिहून ठेवले आहे. तट ही शहराची ढाल होती आणि ती आपोआप शिवली जात नव्हती. त्या गवंड्यांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही. आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नाही. मी विचारून पाहिले.

आता माझे मत सांगतो.

आपण ढालीचा मान विसरलो आहोत. आपली भाषा विसरलेली नाही. मराठीत आपण 'ढाल-तलवार' म्हणतो, ढाल आधी. 'फरी-गदगा' म्हणतो, त्यातही फरी म्हणजे ढालच, आणि तीही आधी. ग्रीकांच्या इलियडमध्ये ट्यूकर नावाचा धनुर्धारी आपल्या भावाच्या, अजॅक्सच्या, मोठ्या ढालीआडून बाण सोडतो आणि पुन्हा तिच्यामागे येतो. म्हणजे दादाने मला मे महिन्यात शिकवले ते जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आपल्या शाळेत जिंकणाऱ्या हाउसला जे मिळते त्यालाही आपण 'शील्ड'च म्हणतो. ती भिंतीवर टांगतो आणि मोजतो मात्र फक्त वार.

उदाहरणे देतो. हाउस मॅचनंतर नोटीस बोर्डावर गोल करणाऱ्याचे नाव लागते. त्याला पास देणाऱ्याचे लागत नाही, चार गोल अडवणाऱ्या गोलकीपरचे तर नाहीच. एनसीसीच्या सेक्शन अटॅकच्या सरावात सगळ्यांना रायफल ग्रुपमध्ये जायचे असते, कारण शेवटी ओरडत धावायला मिळते. एलएमजी ग्रुपसाठी कोणी हात वर करत नाही, कारण तिथे मातीत पडून राहायचे आणि दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचे. उस्ताद दर वेळी सांगतात की फायरशिवाय मूव्ह होत नाही. आपण "येस उस्ताद" म्हणतो आणि पुन्हा रायफल ग्रुपकडे बघतो. मीही बघतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, सामन्याच्या निकालात गोलच्या शेजारी पास देणाऱ्याचे आणि गोल अडवणाऱ्याचे नाव लिहावे. त्याला एक ओळ जास्त लागेल, इतकेच. दोन, सेक्शनच्या सरावात एलएमजी ग्रुप पाळीपाळीने सर्वांना मिळावा, ज्याला कोणी निवडले नाही त्याला शिक्षा म्हणून नको. खेळ बनवणाऱ्यांना जे सुचले ते सैनिकी शाळेला सुचायला हरकत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे.

पहिला आक्षेप पालकांचा : हे सगळे मैदानावर शिकता येते, त्याला गेम कशाला? बरोबर आहे. या गेमची किंमतही मी मोजली आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पीटी टेस्टमध्ये 2.4 किलोमीटरला मला गेल्या सत्रापेक्षा जवळजवळ एक मिनिट जास्त लागले आणि त्याचा रगडा मी घेतला. गेममध्ये बाद झालेला परत येतो, हेही मी विसरलेलो नाही. झाशीच्या तटावरचे परत आले नाहीत. गेमने मला सैनिक केले असे मी म्हणत नाही. माझी एक खोड त्याने मला दाखवली, एवढेच म्हणतो. मैदानावर ती खोड लपवता येत होती, कारण तिथे मी जोरात धावतो.

दुसरा आक्षेप माझ्याच मित्राने घेतला : सगळेच छत्री धरायला लागले तर लढणार कोण? याचे उत्तर मी माझ्या दुसऱ्या आठवड्यात दिले आहे. कोपऱ्यात छत्री उघडून बसणे म्हणजे संरक्षण नाही, ते लपणे आहे. चार छत्र्यांचा संघ बहुधा हरेल. छत्रीवाल्याला पुढे जावेच लागते, मारा जिथे जास्त तिथेच त्याची जागा असते. फक्त त्याने जिंकलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर लागते, आणि हे माहीत असून त्याने पुढे जायचे असते. मला वाटते, याला धावत जाऊन ओरडण्यापेक्षा कमी हिंमत लागत नाही.

गेमचे कौतुक करताना त्यातली एक उणीवही सांगितली पाहिजे, ती बाबांनी एका प्रश्नात दाखवली. तिथे छत्री धरणाऱ्याला पदक आहे, पण छत्री शिवणारा कोणी नाहीच. खऱ्या फौजेत तो असतो. ईएमईची स्थापना 15 ऑक्टोबर 1943 रोजी झाली आणि तिचे ब्रीद आहे 'कर्म ही धर्म'. हे मी सुट्टीनंतर शाळेच्या ग्रंथालयात वाचले. खरे तर मला ते सातवीत आलो त्या दिवशीच पाठ असायला हवे होते.

दादा जूनमध्ये टोकियोला परत गेला, स्विच त्याच्याबरोबर गेला. बाबा त्याआधीच युनिटला गेले होते. स्टेशनवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या मनगटावरचा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. मी काही बोललो नाही. हे पान छापून आले की मी त्यांना एक प्रत पाठवणार आहे, म्हणून इथेच लिहितो.

सातवीच्या वर्गात मी माझी ओळख चुकीची करून दिली होती, ती दुरुस्त करतो. माझे बाबा टँकवर नाहीत. माझे बाबा ईएमईमध्ये आहेत. बंद पडलेले टँक ते चालू करतात.